टेबलावर राहिलेला करार

‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ या अमेरिकन सिनेमाचं नाव निघालं की बहुतेकांना अ‍ॅलेक बाल्डविन आठवतो. हातातली कॉफी खाली ठेव, कॉफी फक्त डील क्लोज करणाऱ्यांसाठी असते, हे त्याचं वाक्य लोकांना पाठ आहे. पहिलं बक्षीस कॅडिलॅक एल्डोराडो गाडी, दुसरं स्टेक कापायच्या सुऱ्यांचा सेट, तिसरं म्हणजे नोकरी गेली, हेही पाठ आहे. विक्रीच्या ट्रेनिंगमध्ये ही क्लिप दाखवणारे महाभाग आहेत आणि ती बघून चेव येणारी पोरंही आहेत. ज्या सीनमध्ये माणसांचा कचरा केला जातो तो बघून चेव यावा, ही त्या लिखाणाची ताकद म्हणायची की आपली गंमत, कोण जाणे.

पण मला अभ्यासाला घ्यायचाय तो दुसरा सीन. तो दुसऱ्या दिवशी सकाळी घडतो, त्यात कुणी भाषण ठोकत नाही, फळ्यावर काही लिहीत नाही. एक गिऱ्हाईक सौदा मोडायला ऑफिसात येतं. त्याला थोपवायला तीन माणसं तीन थापा मारतात. सौदा तुटतो, एकाचं सहा हजार डॉलर कमिशन बुडतं आणि त्याच गडबडीत आदल्या रात्रीच्या चोरीतला चोर सापडतो. ठसे नाहीत, साक्षीदार नाही. एका वाक्यावरून सापडतो. हे सगळं इतकं सरळ घडत जातं की पहिल्यांदा बघताना त्याची घडण लक्षातच येत नाही. मला तिसऱ्या वेळी आली.

आधी थोडं मूळ. नाटककार डेव्हिड मॅमेट तरुणपणी शिकागोत जमिनी विकणाऱ्या एका ऑफिसात काही काळ कामाला होता. तिथे पाहिलेल्या माणसांवर त्याने नाटक लिहिलं आणि ते ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटरकडे वाचायला पाठवलं. पिंटरने ते लंडनच्या नॅशनल थिएटरकडे पोचवलं. अशा रीतीने या अस्सल अमेरिकन नाटकाचा पहिला प्रयोग १९८३ साली लंडनमध्ये झाला, अमेरिकेत ते पुढच्या वर्षी आलं आणि १९८४चं पुलित्झर घेऊन गेलं. सिनेमा १९९२चा, दिग्दर्शक जेम्स फोली, पटकथा मॅमेटचीच. बाल्डविनचं पात्र नाटकात नाही, ते सिनेमासाठी नव्याने लिहिलं गेलं. जॅक लेमनला या कामासाठी व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. अल पचिनोला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्याच वर्षी दुसऱ्या सिनेमासाठी मुख्य भूमिकेचं ऑस्कर मिळाल्यामुळे इथलं नामांकन झाकलं गेलं. तिकीटबारीवर सिनेमा फारसा चालला नाही.

नावाचा उलगडा मजेशीर आहे. ग्लेनगॅरी हायलँड्स आणि ग्लेन रॉस फार्म्स ही विकायच्या जमिनींची नावं. कानाला स्कॉटलंडच्या दऱ्याखोऱ्या ऐकू याव्यात अशी, आणि रोमा हा विक्रेता ज्या ग्लेनगॅरीचं माहितीपत्रक गिऱ्हाइकापुढे ठेवतो ती जमीन मात्र फ्लोरिडातली. मुंबई-पुण्याच्या रविवारच्या पुरवणीत ‘व्हॅली’ आणि ‘लेक व्ह्यू’च्या जाहिराती वाचलेल्यांना जास्त समजवायला नको.

आता माणसं. रिकी रोमा (पचिनो) हा ऑफिसातला सध्याचा हिरो, बक्षिसाच्या फळ्यावर सगळ्यात वर. शेली लेव्हीन (लेमन) हा एकेकाळचा हिरो. त्याला ‘द मशीन’ म्हणायचे. आता महिनेच्या महिने कोरडे जातायत, मुलगी इस्पितळात आहे. जॉन विल्यमसन (केव्हिन स्पेसी) हा ऑफिसचा मॅनेजर. लीड्स, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकांची कार्डं, त्याच्या ताब्यात. स्वतः त्याने आयुष्यात एकही प्लॉट विकलेला नाही, आणि हे बाकीचे कधी विसरत नाहीत. जेम्स लिंक (जोनाथन प्राइस) हे गिऱ्हाईक. शिवाय मॉस (एड हॅरिस) आणि एरोनाऊ (अ‍ॅलन आर्किन) हे आणखी दोन विक्रेते. आदल्या रात्री वरच्या ऑफिसातून आलेला बाल्डविन सगळ्यांना सांगून गेलाय की तुम्हाला काढलेलंच आहे, नोकरी परत मिळवायला एक आठवडा देतोय, आजच्या रात्रीपासून. रोमा त्या झापाझापीला हजर नव्हता. तो समोरच्या चिनी हॉटेलात लिंकबरोबर बसला होता.

त्या बैठकीकडे जरा नीट बघायला हवं, कारण सकाळी जे मोडतं ते रात्री तिथे बांधलेलं असतं. रोमा लिंकशी जमिनीबद्दल एक अक्षर बोलत नाही. तो आगगाडीच्या डब्यातल्या वासाबद्दल बोलतो, बायकांबद्दल, नीतीबद्दल, माणूस भितो कशाला याबद्दल बोलतो. अर्धं स्वतःशी, अर्धं लिंकशी. पचिनोचा आवाज इथे खाली आहे, घाई नाही, वाक्य मध्येच सोडून तो दुसरीकडे जातो. एकटं पिणाऱ्या माणसाला वाटावं की आज आपल्याला कुणीतरी आपल्यापेक्षा शहाणं, धीट भेटलं आणि ते आपल्याला बरोबरीचं समजतंय. सगळ्यात शेवटी ते माहितीपत्रक टेबलावर येतं, तेही ‘ही एक जमीन आहे, आता मी काय सांगतो ते ऐक’ इतक्या सहज. लिंकने प्लॉट घेतला की नाही कुणास ठाऊक, पण मित्र घेतला. आणि त्याचा चेक दिला.

इकडे रात्रीत ऑफिस फुटतं. ग्लेनगॅरीच्या चांगल्या लीड्स चोरीला जातात, टेलिफोन जातात, काही करार जातात. सकाळी पोलीस आतल्या खोलीत एकेकाला बोलावून विचारपूस करतायत. रोमा दारातून आत येतो तो एकच प्रश्न घेऊन: करार चोरीला गेले का? लिंकचा करार? विल्यमसन सांगतो, तो वर गेला, मी दाखल केला. रोमा तिथल्या तिथे जाहीर करतो की मग मी टार्गेटच्या पार गेलो, माझी कॅडिलॅक द्या. हे ‘दाखल केला’ लक्षात ठेवा. प्रेक्षक ते विसरतो, मीही विसरलो होतो.

लेव्हीनची सकाळ तर सोन्याची. त्याने नायबोर्ग नवरा-बायकोला माउंटन व्ह्यूचे आठ प्लॉट विकलेत, ८२ हजार डॉलर, कमिशन १२ हजार. तो ते रोमाला नुसतं सांगत नाही, करून दाखवतो. स्वयंपाकघर, दुकानातून आणलेला केक, हातात पेन धरून घड्याळाप्रमाणे २२ मिनिटं गप्प बसणं, आणि मग त्या दोघांचे खांदे किंचित खाली उतरतात तो क्षण. लेमन हे सांगताना साठी ओलांडलेला दमलेला माणूस आपल्यादेखत दहा वर्षांनी लहान होतो. सिनेमात आपण त्याला आधी फोनच्या बूथमध्ये पाहिलेलं असतं, तिथे तो नसलेल्या सेक्रेटरीला, ‘ग्रेस’ला, हाक मारून आपण मोठे साहेब असल्याचा आव आणतो. पावसात एका घराच्या दारात पाहिलेलं असतं, तिथला घरमालक त्याला सभ्यपणे हाकलतो. तेव्हा तो वाईट नट वाटत होता. घाम दिसत होता. आज दाद देणारा प्रेक्षक मिळालाय, तोही रोमासारखा, आणि घाम नाहीसा झालाय.

अशा वेळी रोमाला खिडकीतून लिंक येताना दिसतो.

रोमाला क्षणात कळतं की हा सौदा मोडायला आलाय. लिंक दारात पोचेपर्यंत मिळालेल्या काही सेकंदांत तो लेव्हीनला भूमिका वाटून देतो: तू गिऱ्हाईक आहेस, मी तुला आत्ताच ग्लेनगॅरीचे पाण्याकाठचे पाच प्लॉट विकलेत, मी डोकं खाजवलं की मला ‘केनिलवर्थ’ असा क्यू दे. बस. संहिता नाही, तालीम नाही. लिंक आत येतो तेव्हा लेव्हीन ‘डी. रे मॉर्टन’ झालेला असतो, अमेरिकन एक्सप्रेसचा युरोपातल्या विक्रीचा प्रमुख, आणि आपण स्वतः इथे जमीन घेतली, आईलाही घ्यायला लावली, असं सांगत असतो. हौशी रंगभूमीवर ज्यांनी दिवस काढलेत त्यांना विचारा, समोरच्याने न ठरलेलं वाक्य टाकलं आणि आपण ते न चुकता झेललं, याच्यासारखा आनंद नाही. त्या आनंदाची नशा लेमनच्या डोळ्यांत दिसते. लेव्हीन थोडा जास्तच रंगतो, आवाज थोडा जास्तच बड्या साहेबाचा होतो. इथे काम असं झालंय: चांगला नट एका मध्यम नटाचं काम करतोय, आणि तो मध्यम नट आज आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रयोग करतोय. हे तीन थर वेगळे ठेवणं किती अवघड आहे ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

लिंक मात्र हटत नाही. जोनाथन प्राइस या माणसाला हट्टी करत नाही, हेच त्याच्या कामातलं शहाणपण. लिंकच्या अंगात हट्ट नाहीच. तो निरोप घेऊन आलाय. बायकोने ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कचेरीत फोन केला, तीन दिवसांत करार रद्द करता येतो असं तिला सांगितलं गेलं, आणि तिने याला पिटाळलं. तो म्हणतो, हे माझं नाही, बायकोचं म्हणणं आहे. पुढे तो म्हणतो, मला बोलणी करायचा अधिकार नाही. रोमा विचारतो, कसली बोलणी? हा म्हणतो, याची. या एका उत्तरात घरात रात्री काय झालं असेल ते सगळं येतं. प्राइस खाली बघत बोलतो, अंग आक्रसून उभा राहतो, आणि बोलताना रोमाचीच कीव येतेय असं वाटतं.

आपल्याकडे विमा घेतल्यावर फ्री लूक नावाची मुदत असते, पूर्वी साधारण १५ दिवसांची, आता ३० दिवसांची, त्यामुळे हा प्रकार मराठी वाचकाला परका नाही. सही केल्यावर माणसाला घरी जाऊन विचार करता यावा यासाठीच ती सोय. पण विकणाऱ्याला तोच विचार नको असतो. रोमा लिंकचा हक्क नाकारत नाही, तितका तो कच्चा नाही. सोमवारी भेटून बोलू म्हणतो आणि दिवस मोजायला घेतो. शनिवार धरायचा नाही, असं तो समजावतो. लिंक म्हणतो, मी धरतच नाहीये, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, म्हणजे सोमवारपर्यंत थांबलो तर मुदत संपते. हिशेब बरोबर आहे. तेव्हा रोमा हिशेबाची सुरुवातच सरकवतो. चेक कधी दिलास? काल. काल काय वार होता? मंगळवार. चेक वटला कधी? लवकरात लवकर कधी वटला असता? आज. आणि आज तो वटलेला नाही, कारण करारातल्या एकदोन मुद्द्यांवर मला तुझ्याशी बोलायचंच होतं. मी आत्ताच वर फोन केला होता, तो त्यांच्या टेबलावर पडून आहे.

थाप अप्रतिम आहे. घड्याळ सुरूच झालेलं नाही, म्हणजे घाई नाही, म्हणजे आज काही ठरवायला नको, चल समोर जाऊन एक पेग घेऊ. सौद्याचं विसर, तुला काहीतरी खुपतंय ते सांग. पचिनोने इथे आवाजाचा सूर रात्रीच्या हॉटेलातल्या सुराशी जुळवून आणलाय. लिंक सैल पडायला लागतो. प्राइसच्या खांद्यांकडे बघा. लेव्हीनने मघाशी नायबोर्गांबद्दल जे सांगितलं, खांदे किंचित उतरले, तेच इथे प्रत्यक्ष घडू लागतं.

आणि नेमका या वेळी प्रयोगात एकामागून एक चुकीच्या एन्ट्र्या होतात. पहिली एरोनाऊची. पोलिसांच्या खोलीतून तो संतापून बाहेर येतो, माणसाशी असं बोलतात का म्हणून. लिंक विचारतो, पोलीस कशाला आलेत? रोमा ते कसंबसं सांभाळतो, काही नाही, किरकोळ प्रकार. दुसरी एन्ट्री विल्यमसनची, आणि ती सांभाळता येत नाही. तो पुढे होतो, अदबीने, कंपनीचा माणूस म्हणून. छोटीशी चोरी झाली, पण काळजी करू नका, तुमचा करार गेला, बँकेत गेला. लिंक विचारतो, चेक वटवलात? विल्यमसन म्हणतो, हो, वटला.

सगळा डोलारा चार शब्दांत खाली. लिंक रोमाकडे वळतो. रोमा सारवासारव करायला बघतो, पण आता उशीर झालाय. लिंक निघतो, आणि निघताना जे बोलतो त्यासाठी मी हा सिनेमा कितीही वेळा बघायला तयार आहे. तो माफी मागतो. मी तुला तोंडघशी पाडलं, मला माहीत आहे, माफ कर. ज्याला फसवलं जात होतं तो फसवणाऱ्याची क्षमा मागत दाराबाहेर जातो. करार मोडल्याबद्दल नाही, मैत्री मोडल्याबद्दल. रात्री हॉटेलात रोमाने जे विकलं होतं ते काय होतं, हे इथे कळतं.

मग रोमाचा भडका. शिव्या गाळल्या तर त्यातला मुद्दा नटांच्या तालमीत लावावा असा आहे: चाल काय चाललीय हे कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सहा हजार डॉलर घालवलेस, सहा हजार डॉलर आणि एक कॅडिलॅक. तू इथे आम्हाला मदत करायला आहेस, बाहेर जाऊन पोट भरणाऱ्या माणसांना. पचिनो ओरडतो त्याची मिमिक्री पुष्कळ होते, पण या सीनमध्ये ओरडण्याला आधाराची जमीन आहे. त्याने जे उभारलं होतं ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून त्याचं नुकसान आपल्यालाही लागतं. वाईट गोष्ट अशी की आपण एका भाबड्या माणसाला लुबाडण्याचा बेत फसला म्हणून हळहळत असतो. मॅमेटने आपल्यालाही गळाला लावलेलं असतं.

विल्यमसन उलट बोलत नाही. स्पेसी चेहऱ्यावर फारसं काही येऊ देत नाही. विल्यमसनने मुद्दाम घात केला असं मानणारे प्रेक्षक मला भेटलेत. मला तसं वाटत नाही. गिऱ्हाईक घाबरलेलं दिसलं, ऑफिसने गिऱ्हाइकाला धीर द्यायचा असतो, त्याने दिला. तो खोटं बोलला म्हणून चुकला नाही, त्या खोलीत सगळेच खोटं बोलत होते. तो चुकला कारण आधीचं संभाषण न ऐकता बोलला. रोमा आणि लेव्हीन एकमेकांना ऐकत होते, म्हणून त्यांचं खोटं उभं राहिलं.

आणि आता ते सकाळचं ‘दाखल केला’ परत काढू. विल्यमसन रोमाला म्हणाला होता, करार दाखल झाला. म्हणजे रोमाला पक्कं ठाऊक होतं की करार गेलाय. तरी तो लिंकला सांगतो, गेलेला नाही, टेबलावर पडून आहे. रोमाच्या लेखी ही थाप. विल्यमसन येऊन सांगतो, गेला, चेक वटला. सगळ्यांच्या लेखी ते सत्य. निदान तसं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? करार गेलेलाच नव्हता. विल्यमसनने रोज पाठवतो तसा तो त्या रात्री पाठवला नव्हता. करार खरंच टेबलावर पडून होता. फक्त ‘त्यांच्या’ नाही, विल्यमसनच्या. रोमा थाप म्हणून जे बोलला ते जवळजवळ अक्षरशः खरं निघालं, आणि जे सत्य म्हणून येऊन आदळलं तीच थाप होती. त्या खोलीत हे फक्त दोघांना माहीत होतं. एक विल्यमसन.

रोमा पोलिसांच्या खोलीत जातो. बाहेर लेव्हीन आणि विल्यमसन राहतात. लेव्हीनने गप्प राहायचं होतं. पण त्याचा आज हाउसफुल्ल प्रयोग झालाय, शेवट दुसऱ्याने बिघडवलाय, आणि आयुष्यभर ज्या मॅनेजरपुढे लीड्ससाठी हात पसरले तो आता उघडा पडलाय. आदल्याच रात्री गाडीत बसून याच माणसाकडे त्याने चांगल्या लीड्सची भीक मागितली होती. टक्केवारी ठरली, वर लीडमागे ५० डॉलर, दोन लीड्सचे शंभर रोख. आणि शंभर डॉलर खिशात नव्हते. ते सगळं आता वसूल करायची संधी आहे. म्हणून तो रोमाचा धडा पुढे चालवतो, सीनियर नटाने नवख्याला झापावं तसा. आणि त्यात म्हणून जातो: काही बनवून सांगायचंच असेल जॉन, तर त्याने फायदा होईल याची खात्री करून घे, नाहीतर तोंड बंद ठेव.

विल्यमसन विचारतो, मी बनवून सांगितलं हे तुला कसं कळलं?

लेव्हीनला प्रश्नच कळत नाही. लेमन इथे जे करतो त्यात अभिनयाच्या अभ्यासक्रमातला एक अख्खा धडा आहे. तो लगेच घाबरत नाही. तो आणखी थोडा वेळ झापत राहतो, कारण लेव्हीनच्या तोंडाला वेग आलाय आणि मन अजून मागे आहे. विल्यमसन पुन्हा विचारतो. मग समजावतो: मी गिऱ्हाइकाला सांगितलं की करार बँकेत गेला. लेव्हीन म्हणतो, मग, गेला नव्हता? नाही. वर्षातून एक रात्र मी करार टेबलावर ठेवून गेलो. तुझ्याशिवाय ते कुणाला माहीत नव्हतं. चोरी करायला अंधारात त्या टेबलाशी गेलेल्या माणसालाच तो करार दिसला असणार. आवाज, मग डोळे, मग हात, या क्रमाने लेमनच्या अंगातून मॉर्टनसाहेब निघून जातात आणि बूथमधला, ग्रेसला हाका मारणारा माणूस परत येतो.

रचनेच्या दृष्टीने मला हे फार देखणं वाटतं. मॉसने या चोरीचा बेत एरोनाऊला आदल्या रात्री ऐकवला होता. आपण याबद्दल खरंच ‘बोलतोय’ की नुसतं ‘बोलतोय’, असा तो शब्दांचा चिमटा, आणि शेवटी एरोनाऊला सांगणं की तू ऐकलंस म्हणून तू सामील. आपण रात्रभर एरोनाऊवर संशय धरून बसतो. चोर निघतो तो ज्याच्या यशाने आपण सकाळपासून खूश आहोत तो. त्या विजयी सकाळीही त्याच्या पोटात ही चोरी होतीच, पण पेन धरून २२ मिनिटं बसलेल्या माणसाकडे बघताना तिकडे आपलं लक्षच गेलं नाही. फोलीचा कॅमेरा नाटकाच्या चौकटीबाहेर फार हिंडत नाही म्हणून काही समीक्षक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. इथे कॅमेऱ्याने चेहऱ्यांजवळ राहणं हेच काम होतं; लेमनच्या डोळ्यांतला तो उशीर नाट्यगृहाच्या पंधराव्या रांगेतून दिसला नसता. पहिला अर्धा सिनेमा रात्रीचा, पावसाचा, लाल-निळ्या उजेडाचा. दुसरा दिवसाचा, आणि दिवसाच्या उजेडात ते ऑफिस इतकं दरिद्री दिसतं की कॅडिलॅकच्या बक्षिसाचं हसू यावं.

बाकी सगळं झपाट्याने होतं. पोलिसांना सांगू नको म्हणून लेव्हीन सौदा करायला बघतो, आपल्या पुढच्या विक्रीतला अर्धा वाटा देतो म्हणतो. विल्यमसन विचारतो, कुठली विक्री? मी आत्ताच ८२ हजारांचा सौदा केलाय. तेव्हा त्याला सांगितलं जातं की नायबोर्ग दांपत्य वेडसर आहे, त्यांचा चेक वटत नाही, त्यांना फक्त विक्रेत्यांशी गप्पा मारायला आवडतात. म्हणजे त्या स्वयंपाकघरात खरा प्रयोग लेव्हीन करत नव्हता, नायबोर्ग करत होते, आणि तो त्यांचा प्रेक्षक होता. असं का करतोस, या प्रश्नावर विल्यमसनचं उत्तर कंपनीच्या कुठल्याही नियमात बसणारं नाही: कारण मला तू आवडत नाहीस. लेव्हीन मुलीचं नाव काढायला जातो. तिथेही शिवीच मिळते.

नाटकात यानंतर रोमाच्या तोंडी एक ओळ आहे, लेव्हीन आत गेल्यावर तो विल्यमसनला सांगतो की त्याच्या कमिशनमधला अर्धा माझा, माझं ते माझंच. मित्रप्रेमही विक्रीचाच भाग होतं, असा तो शेवटचा ओरखडा. सिनेमात ती ओळ गाळली आहे. नाटकवाल्यांना ते खटकतं. मला सिनेमाचा निर्णय जास्त क्रूर वाटतो, कारण त्यामुळे रोमाची दाद खरी ठरते.

रोमा आतल्या खोलीतून बाहेर येतो तो याच गोष्टीबद्दल बोलत. मशीन, हे जग आता पुरुषांचं राहिलेलं नाही, घड्याळ बघणाऱ्यांचं, कारकुनांचं झालंय. आपण दोघांनी एकत्र काम करायला हवं. आणि सकाळी त्या माणसासमोर तू जे केलंस ते फार सुरेख होतं, जुन्या तोडीचं होतं. लेव्हीन ऐकतो. ज्या दादेसाठी तो सकाळपासून, कदाचित गेली कित्येक वर्षं, आसुसला होता ती त्याला ऑफिसातल्या सगळ्यात चांगल्या नटाकडून मिळत असते, आणि आतल्या खोलीच्या दारातून पोलीस अधिकारी त्याचं नाव पुकारत असतो.